काळा फोम

आमच्या प्रयोगशाळेत एक खोली आहे, तिला सगळे मुकी खोली म्हणतात. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे काळ्या फोमचे हातभर लांब सुळके चिकटवलेले आहेत. त्या फोममध्ये कोळशाची पूड भरलेली असते. रेडिओलहर त्यात शिरली की तिथेच जिरते, तिची थोडीशी ऊब होते आणि विषय संपतो. एका टोकाला फिरत्या खांबावर अँटेना बसवायची, दुसऱ्या टोकाला ऐकणारी अँटेना ठेवायची, दार लावायचं आणि मोजायचं. आत बोललं तर स्वतःचाच आवाज परका वाटतो. नवीन माणसं काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकतात. मला तिथे बरं वाटतं.

ती खोली माझ्या ताब्यात आहे. बाकीचे अँटेना बनवतात, मी मोजते. मत देत नाही. विचारलं तर आकडा देते, आणि आकडा आवडला नाही म्हणून कोणी रुसलं तर खुशाल रुसू देते. या स्वभावामुळे मला कामात मान आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या समोरची खुर्ची कायम रिकामी असते. दोन्ही गोष्टी मला चालतात.

घरी मात्र ही सोय नव्हती. घरी धाकटी बहीण आणि तिचा नवरा होते. स्वतःचं बिऱ्हाड होईपर्यंत म्हणून आले आणि मागच्या खोलीत मुरले. त्याच्या नोकरीसाठी शब्दही मीच टाकला होता. करारावरची नोकरी, माझ्याच प्रयोगशाळेत, म्हणजे सकाळी न्हाणीघरासमोर रांगेत तोच आणि दिवसभर कामावरही तोच. ऑफिसात त्याला 'टक्के' म्हणत, कारण त्याच्या तोंडी टक्क्यांशिवाय दुसरं काही नसे. मी जावईबापू म्हणायची, निम्मं मानाने आणि निम्मं चिडवायला.

माणूस अभ्यासू, सरळ, पण भलताच गप्प. काही सांगा, तो "हो ताई" म्हणणार आणि आपल्या कामाला लागणार. धाकटी कधीकधी वैतागून म्हणायची, "मी तासभर बोलते, तो ऐकतो, मान डोलावतो. त्यातलं पुढे कुठे जातं कुणास ठाऊक." मी त्याला फारसं काही सांगायच्या भानगडीत पडत नसे. तो ओला टॉवेल दाराच्या कडीवर टाकायचा, मी तो उचलून दोरीवर टाकायची. रोज. मनातल्या मनात काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे रुग्णवाहिकांच्या अँटेनाचं काम आलं होतं. टपावर बसेल अशी चपटी, मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी पॅच अँटेना हवी होती. पॅच म्हणजे दिसायला अगदी साधा प्रकार. तांब्याचा चौकोनी तुकडा, खाली मोठा पत्रा, मध्ये जराशी फट. गुण पुष्कळ, दोष एकच, पण तो मोठा. ती फार अरुंद असते. ज्या वारंवारतेला जुळवली तिथे छान बोलते, जरा इकडेतिकडे सरकलं की पाठवलेली ताकद दारातूनच माघारी. गाडी पळत असताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतो, वारंवारता बदलत राहते, आणि आतला माणूस तर रुग्णालयाशी बोलत असतो. त्यामुळे मागणी बारा टक्के बँडविड्थची, म्हणजे तेवढ्या रुंद पट्ट्यात चालण्याची, होती. साध्या पॅचला तीन मिळाले तरी लोक खूश असतात.

जावईबापूंनी तांब्यात घोड्याच्या नालेच्या आकाराची खाच पाडली. वर आणखी एक तांब्याचा तुकडा चढवला. दोन्हींमधली फट वाढवली आणि वरचा तुकडा तोलून धरायला कडेने पांढऱ्या फोमची चौकट बसवली. हा पांढरा फोम म्हणजे बहुतेक हवाच, लहरींना तो असून नसल्यासारखा. तिनाचे सहा झाले, सहाचे नऊ. नवावर गाडं अडलं ते अडलंच.

साहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की प्रात्यक्षिक पार पडलं तर कायम करतो. धाकटीने त्या भरवशावर घर पाहून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचं ऊन. घरमालकीणबाईंची एकच अट, भाडेकरू कायम नोकरीतला हवा. महिनाअखेरपर्यंत त्या थांबणार होत्या. धाकटीने दुकानांतून रिकामी खोकी आणून आमच्या घरातल्या बोळात रचायला सुरुवातही केली होती. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या हक्काचा ओटा तिला अजून मिळाला नव्हता. माझ्या ओट्यावर ती डबे जिथे ठेवायची तिथून मी ते उचलून पूर्वीच्या जागी ठेवत असे.

मी काय केलं, तर एका दुपारी ती दोघं बाहेर गेली असताना मागच्या खोलीची भिंत मापली आणि सुताराला पुस्तकांचं कपाट सांगून आले. कोणाला बोलले नाही. माझ्या घरात मी काय करावं हा माझा प्रश्न.

मग एक दिवस सकाळीच प्रयोगशाळेत गलका झाला. जावईबापूंच्या टेबलाभोवती माणसं जमली होती. अँटेना केबलने यंत्राला जोडलेली, आणि पडद्यावर आलेख. हे यंत्र अँटेनाकडे ताकद पाठवतं आणि किती परत आली ते दाखवतं. रेघ खाली गेली म्हणजे परत काही आलं नाही, म्हणजे अँटेनाने घेतलं. तिची रेघ एवढ्या रुंद पट्ट्यात खाली होती की आकडा वीस टक्क्यांच्या पुढे निघाला. टक्क्यांची चंगळ. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि गिऱ्हाइकाला शुक्रवारची वेळ देऊन टाकली. जावईबापू हसत होते. ते हसतात हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

"ताई, खोलीत घ्याल का?" त्याने विचारलं. "चारी बाजूंना लहर कशी पसरते त्याचं चित्र काढू. दाखवायला बरं दिसेल."

मी खांबावर चढवली आणि दार लावलं. चित्राचा आकार छान गोलसर आला. फक्त ताकद नव्हती. मी केबल बदलली, जोड पुसून पुन्हा आवळले, खात्रीची अँटेना चढवून खोलीची परीक्षा घेतली. खोली ठणठणीत होती. त्याच्या अँटेनातून पाठवलेल्याचा पाचवा हिस्साही बाहेर पडत नव्हता.

मी तिचे स्क्रू काढले. दोन तांब्यांच्या मध्ये, कडेने, सुबक कापलेली चौकट होती. काळी.

त्याला आत बोलावलं. "पांढरा फोम कुठे गेला?"

"संपला. नवीन यायला वेळ लागणार म्हणाले. हा चिपांच्या खोक्यात येतो ना, तो घेतला. कापायला मऊ, कडा सरळ येतात." मग जरा थांबून म्हणाला, "फोम तो फोम. हवाच असते."

"हा काळा का असतो?"

चिपांना स्थिर विजेचा झटका बसू नये म्हणून त्या फोममध्ये कोळसा घालतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवली नव्हती, इतकंच. मी हाताने भिंतीकडे दाखवलं. त्याच्या चारी बाजूंना तेच सुळके.

"माझ्या भिंतीचा तुकडा तुम्ही अँटेनाच्या पोटात घातलात, जावईबापू."

मग मी खणातून टोपण काढलं. बोटाच्या पेराएवढं पितळी टोपण असतं, केबलच्या तोंडावर बसवायचं. आत फक्त एक रोध, येईल ती ताकद गिळून टाकणारा. यंत्राची केबल आत ओढून तिच्यावर ते फिरवलं. पडद्यावरची रेघ तळाला गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिथेच राहिली.

"ही बघा जगातली सगळ्यात रुंद अँटेना," मी म्हटलं. "हिच्यातून शब्दही बाहेर जात नाही. परत आलं नाही म्हणजे पोचलं असं नसतं. पोचलं का ते लांब उभं राहूनच कळतं."

त्याने टोपणाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "हो ताई," म्हणाला, आणि अँटेना उचलून निघून गेला. नेहमीचंच. माझं बोलणं गेलं कुठे याचा पत्ता नाही.

मी नियमाप्रमाणे आकडे लिहून एक प्रत त्याला दिली, एक साहेबांना. साहेब मुक्या खोलीत कधी पाऊल टाकत नाहीत, त्यांना आत गरगरतं. ते उंबऱ्यावर उभे राहिले.

"बाई, हा आकडा कोणी मागितला होता का?"

"नाही."

"गिऱ्हाइकाच्या मागणीत फक्त पहिला आलेख आहे. तो उत्तम आहे. आधी काम तर हातात पडू दे, मग फोमबिम काय ते बदलू. तोवर हे राहू द्या तुमच्याकडे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या घरातल्याच माणसाचं भलं आहे, बाई."

मी म्हटलं, "मी मत देत नाही." हे मी इतक्या वेळा म्हटलेलं आहे की ते आपोआप बाहेर पडतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे रुग्णवाहिका नव्हती. कपाट होतं, आणि त्याच्यासमोर एक खुर्ची, आणि दाराच्या कडीवर काही नाही.

घरी जेवताना कोणी विषय काढला नाही. धाकटी खोक्यांवर जाड पेनने 'भांडी', 'पुस्तके', 'चादरी' असं लिहीत होती. "तिकडे गेल्यावर मी पडदे पिवळे करणार," ती म्हणाली. जावईबापू खाली मान घालून जेवत होते. मी त्यांच्याकडे एकदा बघितलं. त्यांनी पाणी मागितलं.

शुक्रवारी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाच्या प्रमुख बाई आल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर अर्धवट झोपेची कायमची सूज. त्या हातातली पिशवी खाली न ठेवताच पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मी मागे भिंतीला टेकून होते. जावईबापूंनी अँटेना जोडली, रेघ खाली गेली, साहेबांनी कौतुकाने बोट फिरवून रुंदी दाखवली.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही जे पाठवाल त्यातलं काही परत येत नाही," साहेब म्हणाले.

"चांगलं आहे का ते?"

"उत्तम!"

"बाई, एक मिनिट," जावईबापू म्हणाले. त्यांनी केबलवरून अँटेना सोडवली आणि खिशातून पितळी टोपण काढलं. माझ्याच खणातलं. कधी नेलं कुणास ठाऊक. त्यांनी ते बसवलं, आणि रेघ तळाला जाऊन सपाट झाली.

"ही आणखी चांगली दिसतेय," बाई म्हणाल्या. "आणि लहानही आहे."

"हो. पण ही गाडीवर लावलीत तर तुमच्या माणसाचा एक शब्दही रुग्णालयापर्यंत जाणार नाही. परत येत नाही हे खरं. पण बाहेरही जात नाही, आतच मुरतं." त्याने सोडवलेली अँटेना हातात घेतली. "आधीची जी दाखवली तिचंही तेच आहे. पाचातला एक हिस्साही बाहेर जात नाही, बाकीचं सगळं मी आत जाळतोय. चुकीचा फोम वापरला, चूक माझी. बरोबर फोम घातला तर आज माझ्याकडे नऊ टक्के आहेत. बारा होतील असं मला वाटतं. वेळ लागेल."

साहेबांना खोकला आला. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"हे मोजलं कोणी?"

"मी," मी मागून म्हटलं.

"कधी?"

"सोमवारी."

"मग आज शुक्रवारपर्यंत गप्प का बसलात?"

"कोणी विचारलं नव्हतं."

बाईंनी चष्मा सरळ करून माझ्याकडे बघितलं. "माझ्या कक्षात फोन घेणाऱ्या मुलीने मला हे उत्तर दिलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

मला लाज वाटली. अशी लाज की कानाच्या पाळ्या तापल्या. मी आयुष्यभर ज्याला शिस्त म्हणत आले त्याला त्या बाईंनी दोन वाक्यांत भलतंच नाव दिलं होतं, आणि मला त्यात खोट काढता येईना.

त्यांनी वेळ दिला. पुढे पांढरा फोम आला, खाचेचं माप बदललं, बारा टक्के मिळाले, आणि मुक्या खोलीतही ते बाराच निघाले. पण ते पुढे. त्या संध्याकाळी साहेबांनी जावईबापूंना बोलावून एवढंच सांगितलं की करार वाढवतो, कायम करण्याचं यंदा विसरा.

घरी येऊन त्याने ते धाकटीला सांगितलं, सगळं, टोपणासकट. तिने ऐकून घेतलं. मग ती बोळात गेली आणि खोकी एकेक करून पायाने दाबून चपटी करायला लागली. रडत होती, पण हात-पाय थांबत नव्हते. शेवटचं खोकं दाबून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"ताई, तुला सोमवारपासून माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलंस? मी इथे पिवळे पडदे, पिवळे पडदे करत बसले होते!"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट आलं. मी ते साफ विसरले होते. सुताराची दोन माणसं घामाघूम होऊन दारात उभी, आणि त्यातला एकजण धाकटीलाच विचारतो, "मागच्या खोलीत लावायचं ना? पलंगाच्या जागी? तसंच माप दिलंय."

धाकटीने कपाटाकडे बघितलं. मग आत आपल्या पलंगाकडे. मग माझ्याकडे. माणसं कपाट बोळात टेकवून निघून गेली, तरी ती बघतच होती.

"आम्ही जायला हवं होतं तुला," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं.

जावईबापू आतून आले. खांद्यावर ओला टॉवेल. कपाटाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, मग म्हणायचं होतंत. जा म्हणायचं होतंत. इतकी वर्षं आम्हाला वाटतंय की ताईंचं काही म्हणणं नाही, ताईंना चालतंय. तुमच्याकडून कधी चकार शब्द नाही. मला रोज सकाळी वाटतं की आज तरी काहीतरी बोलाल." त्याने टॉवेल खांद्यावरून ओढून हातात घेतला. "मला तुमच्या घरात पाणी पितानाही भीती वाटते, की पेला चुकीच्या जागी ठेवीन."

हे सगळं तो एका दमात बोलला. मी त्याला गप्प माणूस म्हणत होते. मुक्या खोलीत दिवस काढून संध्याकाळी मी तीच खोली बरोबर घरी आणत होते, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग ऐका," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "टॉवेल. दाराच्या कडीवर ओला टॉवेल टाकता तुम्ही. दाराचं लाकूड फुगलंय. रोज मी तो उचलते. आणि तू गं, चहाचा डबा खालच्या फळीवर का ठेवतेस? मला वाकवत नाही."

"वरच्या फळीवर माझा हात पुरत नाही!" धाकटी ओरडली. "इतकी वर्षं मी स्टुलावर चढतेय! आणि तू पहाटे भांडी आपटतेस ते? झोपेची पार चाळण होते!"

"मी आपटते?"

"आपटता," जावईबापू म्हणाले.

बराच वेळ चाललं. शेजारच्या बाई एकदा दार उघडून बघून गेल्या. धाकटीचं पिवळ्या पडद्यांचं दुःख त्यात पुन्हा वर आलं, ती पुन्हा रडली, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "इथल्या मागच्या खिडकीला लाव पिवळे. सध्या." तिने नाक पुसलं आणि "तुला पिवळा आवडत नाही," म्हणाली. "नाही आवडत," मी म्हटलं.

जावईबापूंनी टॉवेल नेऊन दोरीवर टाकला. मग कपाटाच्या लांबीवरून हात फिरवत म्हणाले, "पलंग खिडकीकडे सरकवला तर हे बसेल बहुतेक. मापून बघतो." आणि खणातून टेप काढून मागच्या खोलीत गेले. तिथून त्यांची हाक आली, "ताई, जरा येता का?"

मी गेले. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच.